पावसाळी अधिवेशन नागपुरात: २०१८ मधल्या बदलाचं प्रकरण

६ जुलै २०१८ च्या शुक्रवारी नागपूरच्या विधानभवनात कामकाज होऊच शकलं नाही. सकाळपासून पाऊस कोसळत होता. विजेच्या स्विचिंग केंद्रात पाणी शिरलं, धोका नको म्हणून वीज बंद करावी लागली आणि दोन्ही सभागृहं सोमवारपर्यंत तहकूब झाली. एरवी मुंबईत होणारं पावसाळी अधिवेशन त्या वर्षी नागपुरात आणलं होतं, आणि नागपूरचं हिवाळी मुंबईत जाणार होतं. अधिवेशनाचा तो तिसराच दिवस होता. विधानभवनाच्या आवारातलं तुंबलेलं गटार उघडलं तर आतून दारूच्या रिकाम्या बाटल्या निघाल्या, आणि ती बातमी राज्यभर गाजली. शहरात दिवसभरात अडीचशे मिलीमीटरच्या वर पाऊस झाला होता. खोलगट वस्त्यांमधल्या घरांत पाणी होतं, शाळेत अडकलेल्या मुलांना बचाव पथकांनी बाहेर काढलं.

त्या दिवसाने एक समज पक्का करून टाकला: पावसाळी अधिवेशन नागपुरात घ्यायचं नसतं. तेव्हापासून हा विषय निघाला की लोक त्या पाण्याचा दाखला देतात आणि बोलणं तिथेच संपतं. मला हे निदान घाईचं वाटतं. अधिवेशनाचा महिना बदलणं ही नुसती तारखांची अदलाबदल नसते. कोणता प्रश्न सभागृहात जिवंत असताना येतो, कोणता प्रश्न नुकसान होऊन गेल्यावर येतो आणि कोण दारापर्यंत पोचू शकतो, हे सगळं महिन्यावर ठरतं. २०१८ चा बदल त्या दृष्टीने नीट तपासलाच गेला नाही.

करार काय सांगतो

नागपूरला अधिवेशन का होतं, इथून सुरुवात करावी लागेल. नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती. स्वातंत्र्यानंतरच्या जुन्या मध्य प्रदेशाचीही तीच राजधानी. विधिमंडळ, सचिवालय, उच्च न्यायालय सगळं इथेच. मराठी भाषकांच्या एका राज्यात विदर्भ यायचा तर हे वैभव जाणार, हे उघड होतं. २८ सप्टेंबर १९५३ ला जो नागपूर करार झाला, त्यात यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे यांच्यासह दोन्ही बाजूंच्या नेत्यांनी विदर्भाला काही हमी दिल्या. निधीत, नोकऱ्यांत, शिक्षणाच्या सोयींत वाटा मिळेल. नागपूरला उच्च न्यायालयाचं खंडपीठ असेल. आणि शासनाचा तिथल्या लोकांशी जवळचा संपर्क राहावा म्हणून सरकार दरवर्षी ठरावीक काळ नागपूरला हलेल, विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन दरवर्षी तिथे होईल. पुढे १९५५ मध्ये राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस केली. ती मानली गेली नाही, त्यामुळे करारातल्या हमींचं मोल आणखी वाढलं.

करारात हिवाळ्याचा उल्लेख कुठेही नाही. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नागपूरला पहिलं अधिवेशन भरलं. सुरुवातीच्या काळात १९६१, १९६६ आणि १९७१ मध्ये पावसाळी अधिवेशनही नागपुरात झालं आहे. म्हणजे २०१८ चा निर्णय परंपरा मोडणारा होता असं जे म्हटलं गेलं, ते अर्धंच खरं आहे. ४७ वर्षांत कुणी केलं नव्हतं, एवढंच.

तरी ही ४७ वर्षं साधी नव्हेत. या काळात डिसेंबर आणि नागपूर यांची गाठ इतकी घट्ट बसली की ‘हिवाळी’ म्हटलं की पुढे ‘नागपूर’ आपोआप येतं. त्यामागे थंडीची हौस असल्याची टीका नेहमी होते: हुरडा, संत्री, सावजी, मंत्र्यांची सहल. रागापोटी ती समजण्यासारखी आहे, पण तिच्यात मूळ कारण हरवतं. कारण शेताच्या वेळापत्रकात आहे.

डिसेंबरात कोण येतं

डिसेंबरपर्यंत सोयाबीन विकून झालेलं असतं, किंवा भाव पडलाय म्हणून घरात पडून असतं. कापसाचे दोन-तीन वेचे झालेले असतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडे धान कापून, मळून खरेदी केंद्राच्या दारात थांबलेलं असतं. शेतकऱ्याच्या हातात हंगामाचा हिशेब असतो आणि महिन्याभरात पहिल्यांदाच दोन दिवसांची फुरसत असते. म्हणून तो येतो. टेकडी रोड, मॉरिस कॉलेज टी पॉइंट, यशवंत स्टेडियम ही नावं नागपूरबाहेरच्या माणसालाही मोर्च्यांमुळे माहीत आहेत. अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक, आदिवासी संघटना, धान उत्पादक, सगळे याच दोन-तीन ठिकाणी अडवले जातात. पोलिसांचे कठडे, त्यांच्या अलीकडे सतरंजीवर बसलेल्या बाया, पिशवीत बांधून आणलेली भाकरी, आणि सायंकाळी शिष्टमंडळातली पाच माणसं निवेदन घेऊन आत जातात. गडचिरोलीहून नागपूर पावणेदोनशे किलोमीटर आहे. मुंबई त्याच माणसासाठी हजार किलोमीटरच्या आसपास. अकरा जिल्ह्यांच्या विदर्भाला वर्षातून एकदाच सरकार हाकेच्या अंतरावर मिळतं, आणि ते डिसेंबरात मिळतं.

या सवयीची किंमतही विदर्भाने मोजली आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाचा मोर्चा अधिवेशनावर आला होता. अनुसूचित जमातीच्या सवलतींची मागणी होती. चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली, त्यात बाया आणि लहान मुलं मोठ्या संख्येने होती. सीताबर्डीत त्यांचं स्मारक आहे. नागपूरच्या अधिवेशनाला सहल म्हणणाऱ्याने एकदा तिथे जाऊन यावं.

डिसेंबरचा उपयोग कागदावरही दिसतो. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला. त्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात सरकारला मदत जाहीर करावी लागली: कोरडवाहू कापसाला हेक्टरी ३०,८०० आणि बागायतीला ३७,५०० रुपये, ज्यात आपत्ती निधी, पीकविमा आणि बियाणे कंपन्यांकडून येणारी भरपाई असे तीन भाग धरले होते. डिसेंबर २०२२ मध्ये धानाला हेक्टरी १५,००० रुपये बोनस, दोन हेक्टरच्या मर्यादेत, नागपुरातच जाहीर झाला. पुढच्या वर्षी तो २०,००० झाला. मुंबईत अधिवेशन असतं तर धानाचा बोनस कामकाजात इतका वर आला असता, असं मला वाटत नाही. मंत्र्याच्या गाडीला धान खरेदी केंद्राच्या आसपासचा माणूस दिसावा लागतो.

२०१८ चा निर्णय

मग हे सगळं चालू असताना बदल का झाला? सरकारच्या बाजूने मुद्दा कालावधीचा होता. हिवाळी अधिवेशन दोन आठवड्यांचं ठरतं आणि त्यातही दिवस गळतात. पावसाळी अधिवेशन तुलनेने लांब चालतं, म्हणून विदर्भाच्या प्रश्नांना जास्त वेळ मिळेल. दुसरं कारण मुंबईतलं होतं. नरिमन पॉइंटजवळचं मनोरा आमदार निवास धोकादायक झालं होतं, ते पाडून नवं बांधायचं होतं आणि आमदारांच्या राहण्याचा प्रश्न उभा होता. नागपुरात सिव्हिल लाइन्सचं आमदार निवास, रविभवन, नागभवन, कर्मचाऱ्यांसाठीचे १६० गाळे अशी सगळी व्यवस्था वर्षभर असते. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस नागपूरचेच. ४ जुलैला अधिवेशन सुरू झालं, २० जुलैला संपलं. शनिवार-रविवार वगळले तर तेरा दिवस. आदल्या डिसेंबरचं अधिवेशन ११ ते २२ तारखेचं होतं, म्हणजे दहा दिवस.

तीन दिवस जास्त मिळाले, हे मान्य करायला हवं. कालावधीचा युक्तिवाद पोकळ नव्हता.

या तेरा दिवसांत गाजलं काय ते पाहिलं की दुसरी बाजू दिसते. नवी मुंबईतल्या सिडकोच्या जमिनीच्या व्यवहारावरून आरोप झाले, व्यवहाराला स्थगिती आणि न्यायालयीन चौकशी जाहीर झाली. कोकणातल्या नाणार तेलशुद्धीकरण प्रकल्पावरून घोषणाबाजी झाली. १६ जुलैपासून दुधाचं आंदोलन पेटलं, टँकर अडवले गेले, आणि १९ तारखेला सभागृहात तोडगा जाहीर झाला: उत्पादकाला लिटरमागे २५ रुपये, २१ जुलैपासून. तिन्ही प्रश्न महत्त्वाचे, पण नवी मुंबई, कोकण आणि मुख्यतः पश्चिम महाराष्ट्राचे. सभागृह नागपुरात होतं आणि विषय मुंबईच्या आसपासचे. यात कुणाचं कारस्थान नाही. जुलैत जे प्रश्न ऐन भरात असतात तेच येतात, आणि दुधाचा प्रश्न ऐन भरात होता.

विदर्भाचा शेतकरी त्या वेळी कुठे होता? धानपट्ट्यात रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, हात नव्हते. बाया पहाटेच चिखलात उतरतात, पऱ्हाटीत, म्हणजे कापसात, डवरणी चालू असते, कुठे दुबार पेरणीची चिंता. रोवणीच्या दिवसांत मजुरी सोडून टेकडी रोडवर कोण येईल? वर अशा पावसात उघड्यावर बसायचं कुठे, बंदोबस्तासाठी राज्यभरातून आलेल्या पोलिसांना झोपायचं कुठे, हा वेगळाच प्रश्न. ज्या संपर्कासाठी करारात अधिवेशनाची हमी घातली, तो संपर्क जुलैत एका बाजूनेच होतो. सरकार येतं, लोक येऊ शकत नाहीत.

इथपर्यंत वाचून वाटेल की डिसेंबरच बरा, विषय संपला. माझं तसं मत नाही.

डिसेंबरात लोक येतात, पण हंगाम हातचा गेलेला असतो. २०१७ च्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर मेले. सभागृहात त्यावर रण माजलं ते डिसेंबरात. चर्चा, आरोप, मदत, चौकशी, सगळं झालं. फवारणीचा हंगाम मात्र संपून गेला होता. बोंडअळीचंही तसंच. जाहीर झालेली मदत हेक्टरी किती, हे डिसेंबरात ठरतं, आणि ती खात्यात केव्हा पडली, हे विचारायची खरी वेळ पुढच्या पेरणीआधीची असते. पीककर्ज तर पूर्णपणे जून-जुलैचा प्रश्न आहे. बँकेने नाही म्हटलं तर शेतकरी सावकाराकडे जातो, आणि एकदा तिथे गेला की डिसेंबरात सभागृहात मांडलेली लक्षवेधी सूचना त्याच्या उपयोगाची उरत नाही. बोगस बियाणं, खतांचा तुटवडा, उगवण न झालेलं सोयाबीन, यांचा इलाज करता येतो तो जुलैतच.

म्हणजे अडचण अशी आहे: जुलैत प्रश्न सुटण्यासारखा असतो तेव्हा शेतकरी शेतात अडकलेला असतो, आणि डिसेंबरात तो मोकळा होतो तेव्हा प्रश्न नुकसानभरपाईचा झालेला असतो. २०१८ च्या निर्णयात ही गोष्ट कुणी मांडली असती तर जुलैच्या तेरा दिवसांची आखणी वेगळी झाली असती. पहिल्या आठवड्यात पीककर्ज वाटपावर जिल्हावार चर्चा, आदल्या डिसेंबरात जाहीर झालेल्या बोंडअळी मदतीचा हिशेब, फवारणीआधी कृषी विभागाची तयारी. विरोधी पक्षांनी शेतीचे प्रश्न मांडले नाहीत असं नाही. पण अधिवेशन जुलैत आणलं म्हणून विषयपत्रिका जुलैची केली, असं दिसलं नाही. तारीख बदलली आणि बाकी सगळं नेहमीसारखं चाललं.

पाणी शिरण्याचं प्रकरणही मला याच मालिकेतलं वाटतं. जुलै हा नागपूरचा सगळ्यात ओला महिना आहे, हे शाळकरी पोरालाही माहीत. दरवर्षी अधिवेशनाआधी सार्वजनिक बांधकाम विभाग रंगरंगोटी, रस्ते, निवासांची डागडुजी करतो, ती सगळी तयारी थंडीच्या हिशेबाची असते. पावसात इमारत चालवायची तर गटारं, विजेचं केंद्र, पर्यायी वीज हे आधी बघायला हवं होतं. एवढा पाऊस रोज पडत नाही, त्यामुळे दोष पूर्णपणे यंत्रणेवर टाकता येणार नाही. पण ज्या गटारात बाटल्या अडकल्या होत्या ते जूनमध्ये साफ करणं कुणाच्याही आवाक्यात होतं.

मुंबईतला नोव्हेंबर

बदलाचा दुसरा अर्धा भाग सहसा कुणी पाहत नाही. पावसाळी नागपुरात गेलं म्हणून हिवाळी मुंबईत आलं, १९ ते ३० नोव्हेंबर २०१८. ते अधिवेशन इतिहासात राहील ते मराठा आरक्षणामुळे. २९ नोव्हेंबरला सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गासाठी १६ टक्के आरक्षणाचं विधेयक एकमताने मंजूर झालं. त्या आधी ऑक्टोबरच्या अखेरीस सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. आदिवासी आणि शेतकऱ्यांचा मोर्चा ठाण्याहून चालत आझाद मैदानात आला. मोर्चा मुंबईत येऊ शकतो, येतोच. पण ठाण्याहून चालत येणं आणि मेळघाटातून निघून मुंबई गाठणं यांत रेल्वेच्या भाड्यापासून सगळा फरक आहे. त्या वर्षी धान खरेदीचा, कापसाच्या भावाचा हंगाम विदर्भात चालू असताना सरकार समुद्राकाठी होतं. करार मोडला नव्हता. नागपूरला एक अधिवेशन झालेलं होतं.

बाकीचे पर्याय

मग नागपूरला मोठं अधिवेशन द्यायचं तर अर्थसंकल्पी का नको? हाही प्रयत्न होऊन गेला आहे. कोरोनाच्या काळात २०२० आणि २०२१ ची हिवाळी अधिवेशनं मुंबईतच झाली. २०२० चं तर दोनच दिवसांचं. विदर्भात नाराजी होती, विरोधकांनी आवाज उठवला आणि डिसेंबर २०२१ मध्ये ठरलं की पुढचं अर्थसंकल्पी अधिवेशन २८ फेब्रुवारी २०२२ पासून नागपुरात घ्यायचं. प्रत्यक्षात ते ३ मार्चपासून मुंबईत झालं. यातली एक अडचण घटनेतून येते. अनुच्छेद १७६ प्रमाणे वर्षाच्या पहिल्या अधिवेशनाची सुरुवात राज्यपालांच्या अभिभाषणाने होते, आणि जिथे दोन सभागृहं आहेत तिथे ते दोघांना एकत्र बसवून करायचं असतं. एवढ्या बैठकीला पुरेल असं मध्यवर्ती सभागृह नागपूरच्या विधानभवनात नव्हतं. अर्थसंकल्पाची यंत्रणा, वित्त विभाग, महिनाभराच्या मागण्यांवरची चर्चा हे सगळं मंत्रालयाशी बांधलेलं, ते वेगळंच.

बाकी घटनेने हात बांधलेले नाहीत. अनुच्छेद १७४ ची अट एवढीच की दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको. कुठे, केव्हा, किती दिवस हे मंत्रिमंडळ आणि कामकाज सल्लागार समिती ठरवते, राज्यपाल अधिवेशन बोलावतात. शेजारच्या कर्नाटकाने बेळगावात सुवर्ण विधानसौध बांधून २०१२ पासून तिथे अधिवेशनं भरवली. तिथेही हिवाळीचीच रीत पडली, पण २०१५ मध्ये पावसाळी अधिवेशन बेळगावला झालं आणि थकलेल्या ऊसबिलांचा प्रश्न सरकारला तिथेच भिडला. सीमाभागातल्या मराठी माणसाला त्या इमारतीबद्दल काय वाटतं हा स्वतंत्र विषय आहे. इथे मुद्दा एवढाच की पावसाळी अधिवेशन राजधानीबाहेर घेणं अशक्य नाही.

२०१८ नंतर नागपुरात पुन्हा जुलैचं अधिवेशन झालं नाही. २०१९ पासून जुनी घडी परतली, कोरोनाची दोन वर्षं सोडली तर. मात्र ज्या कालावधीच्या नावाखाली बदल केला होता, तोच तीनदा आठवड्यावर आकसला. २०१९ मध्ये १६ ते २१ डिसेंबर. २०२४ मध्येही १६ ते २१ डिसेंबर, आणि त्याच्या आदल्या दिवशी नागपूरच्या राजभवनात मंत्रिमंडळाचा विस्तार, त्यामुळे नव्या मंत्र्यांकडे खातीच नव्हती. २०२५ मध्ये ८ ते १४ डिसेंबर. फायलींचे ट्रक मुंबईहून निघायचे, हजारो कर्मचारी यायचे, शहर महिनाभर आधीपासून तयारीला लागायचं आणि कामकाज आठवडाभराचं. तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मिळणाऱ्या, प्रश्नांसाठी आमदार कित्येक आठवडे आधी सूचना देतात. त्यांतले मोजके पटलावर येतात आणि त्यांतलेही थोडेच चर्चेला. विदर्भाचे ६२ आमदार आहेत. सहा दिवसांत त्यांच्या वाट्याला मिनिटं येतात.

म्हणून डिसेंबर की जुलै या वादात मी कुणाच्याच बाजूने उभा राहत नाही. डिसेंबर काढून घेऊ नये, कारण माणसं तेव्हाच येऊ शकतात. आणि तो तीन आठवड्यांचा असावा, ज्यातला पहिला आठवडा धान, कापूस आणि खरेदी केंद्रांसाठी आधीच राखून ठेवलेला असेल. पण पावसाळी अधिवेशनातले चार-पाच दिवसही नागपूरला द्यायला हवेत, जून संपता संपता, रोवणी जोरात सुरू व्हायच्या आधी. त्या दिवसांत पीककर्जाचे जिल्हावार आकडे आणि आदल्या डिसेंबरात दिलेल्या आश्वासनांचा हिशेब, एवढेच दोन विषय घ्यावेत. करारात अधिवेशन ‘किमान एक’ म्हटलं आहे. दुसऱ्याला मनाई कुणी केलेली नाही. त्यासाठी विधानभवनाची गटारं मे महिन्यातच उपसावी लागतील आणि विजेचं केंद्र उंचावर न्यावं लागेल, आणि ही दोन्ही कामं सार्वजनिक बांधकाम विभागाच्या एका उन्हाळ्यात होण्यासारखी आहेत.